चौकटीवरच्या रेघा

ऑसेटच्या चॅपलमध्ये, मागच्या खोलीत,
जिथं एके काळी शब्बाथ शाळा भरायची,
अंगणाकडच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा आहेत.
केव्हिन, १९७१. ग्लेनिस, १९६६.
कमरेएवढ्या उंचीवर एक, पुसट: विनिफ्रेड, चार वर्षं.
मग विनिफ्रेड सहा. विनिफ्रेड नऊ. विनिफ्रेड बारा.
त्यानंतर तिला कुणी मोजलेलं दिसत नाही.

मंडळीत आता आम्ही अकरा जण.
रंगाचा डबा माझ्या वाट्याला आला,
कारण माझे गुडघे अजून वाकतात.

मोजली मीही गेलेय.
जालन्याच्या मिशन कंपाउंडात
सुवर्णवचन न अडखळता म्हटलं की
ओहोळबाई रंगीत कार्ड द्यायच्या:
मेंढरं, होडी, पाण्यावर चालणारे पाय.
माझ्याकडे तेवीस होती, हन्नाकडे एकोणीस,
आणि देव ती मोजतो
याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.
मी यादी करून मागायचे:
गणितात पास कर, दादांची सायकल सापडू दे,
हन्नाला ताप येऊ दे, फार नको, परीक्षेपुरता.
आमेन म्हणून डोळे उघडायचे
ते पोस्टमनची वाट पाहावी तसे.

दृढीकरणाला पांढरी साडी नेसले तेव्हा
पाळकसाहेब म्हणाले, आता तू विश्वासात मोठी झालीस.
मला ते खरं वाटलं.
साडीला आठ पिना लावल्या होत्या.

मग वेकफील्डच्या हॉस्पिटलात, सत्ताविसाव्या आठवड्यात,
नर्सनं टॉवेलात गुंडाळून दिलेलं वजन
अजून माझ्या डाव्या कोपरात आहे.
या वेळी यादीत एकच ओळ होती.

अकरा महिने चॅपलची पायरी चढले नाही.
पाळक आले, वचन वाचून गेले.
विनिफ्रेड आली ती दारातूनच परतली,
पायरीवर लाल दांड्यांची जुडी ठेवून. रुबार्ब.
मला काय ठाऊक! मी चिरली,
लसूण-मोहरीची फोडणी दिली, अंबाडीला देतात तशी,
आणि पहिल्याच घासाला तोंड इतकं आंबलं
की इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडले.
पुढच्या गुरुवारी पुन्हा जुडी. त्याच्या पुढच्या गुरुवारीही.
"साखर घालतात त्यात," एवढंच ती एकदा म्हणाली.

परत कशी गेले ते मला सांगता येत नाही.
साक्ष द्यायला उभं केलंत तर दोन मिनिटंही भरणार नाहीत.
बॉयलर लावते, खुर्च्या मांडते,
क्लिफर्डच्या चहात साखर किती ते लक्षात ठेवते.
तो हल्ली मध्येच म्हणतो,
"वर कुणी असेल असं मला वाटत नाही."
पूर्वी मी त्याला तीन वचनं ऐकवली असती, क्रमांकासकट.
आता बिस्किटं पुढे करते
आणि तो उठेपर्यंत उठत नाही.

शनिवारी चौकट घासायला घेतली
आणि पॉलिश पेपर हातातच राहिला.
विनिफ्रेड काठी टेकत आली,
बूट काढले, चौकटीला पाठ लावून उभी राहिली.
"मोज."
तिच्या विरळ केसांवर पट्टी आडवी धरली:
बाराव्या वर्षाच्या रेघेहून बोटभर खाली.
ती हसली, इतकी, की ठसका लागला.
"नव्वद वर्षं चाललेय, आणि बघ, कुठवर आले!"
रेघ मारू का, विचारलं. नको म्हणाली.
बोट फिरवलं सगळ्यांवरून,
ग्लेनिसपाशी ते जरा रेंगाळलं.
"रंगव. लाकडात ओल शिरली तर दारच राहायचं नाही."

रंगवलं. खालून वर.
चार, सहा, नऊ, बारा.
पहिल्या हाताखालून पेन्सिल दिसत होती,
दुसऱ्यानंतर नाही.

आता अंधारून आलंय. रंग ओला आहे,
दार लावलं तर चिकटेल.
जुन्या गीतपुस्तकांचा गठ्ठा अडवून
उघडंच ठेवलंय ते,
थंडी सरळ आत येतेय,
आणि मी कोट घालून पहिल्या खुर्चीवर बसलेय,
सुकेपर्यंत.