आवराआवर

लिंकनशरमध्ये सकाळ बिटाच्या शेतांवरून येते,
ओली, चिखलाच्या बुटांनी.
रात्री सोळा विमानं गेली, चौदा आली.
उरलेल्या दोनांसाठी इथं कुणी थांबत नाही,
फळ्यावरची नावं ओल्या फडक्यानं पुसतात
आणि मला बोलावतात.

मी कॉर्पोरल हेस्टर मॅडिसन.
हवाई दलात येऊनही
विमानाला हात न लावलेली.
माझं काम आवराआवरीचं.
न परतलेल्यांचे लॉकर उघडायचे,
यादी करायची: मोजे चार जोड, वस्तरा एक,
आणि आईला पाहवणार नाही असं जे असेल
ते काढून घ्यायचं.
दुसऱ्याच मुलीची पत्रं. पत्त्यांतली उधारी.
एकदा, सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेलं मृत्युपत्र.
घाई करायची, कारण दुपारी
त्याच खाटेवर नवा मुलगा येतो
आणि चहा कुठं मिळतो विचारतो.

आयवर प्रॉसर. वेल्सच्या कोळसाखाणींकडचा.
वय एकवीस. काम:
विमानाच्या नाकात पालथं पडून खाली बघायचं,
वेळ आली की बटण दाबायचं
आणि म्हणायचं, ‘गेले.’

लॉकरच्या तळाशी, बायबलखाली, एक पत्र.
इंग्रजी नुकतीच शिकणारं अक्षर.
साल छत्तीस. शाळेनं जुळवून दिलेली पत्रमैत्री.
*प्रिय आयवर, माझं गाव बार्मेन.
आमची रेल्वे नदीवर उलटी टांगलेली आहे,
वटवाघळासारखी. तू हसशील.
बाबा गिरणीत फिती विणतात.
कुठल्याही देशातली वेणी असो,
ती आमच्या गल्लीत सुरू होते, असं बाबा म्हणतात.
एक फीत पाठवते, तुझ्या बहिणीला.
इर्मगार्ड.*

फीत घडीत तशीच. निळी.
बहीण नसावी त्याला.

लॉगबुकात रात्रीच्या फेऱ्या लाल शाईनं लिहायची रीत.
मी पानं उलटत गेले, उलटायला नको होती.
मे, एकोणतीस. बार्मेन. पाच तास दहा मिनिटं.
बाकी रात्रींपुढं शेरे होते:
ढग फार. सर्चलाइट. डाव्या इंजिनाला आग, विझली.
इथं फक्त टाक टेकवून ठेवल्याचा
एक लाल ठिपका, पसरलेला.
टाक खराब असेल.
मी त्याचा अर्थ लावत नाही.
साठ वर्षं लावत नाही.

त्या गावाचे फोटो आम्हांला दाखवले होते,
कॅन्टीनच्या भिंतीवर टाचून.
घरं होती, छपरं नव्हती,
वरून दिसत होते नुसते चौकोन, चौकोन.
आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.
माझा भाऊ हलमध्ये ढिगाऱ्याखाली गेला होता,
मी का नाही वाजवणार?

जीव टांगणीला लागणं म्हणजे काय
हे धावपट्टीच्या कडेला
विमानं मोजत उभ्या राहणाऱ्यांना विचारा.
त्या टांगत्या रेल्वेच्या गावात
कुणाला विचारायला मात्र मी गेले नाही.

आईला पाहवणार नाही,
या रकान्यात ते पत्र बसत होतं का?
नियमावलीत उत्तर नव्हतं.
मी ते खिशात घातलं, फितीसकट.
चोरीच ती.

अठ्ठेचाळीस साली कापड अजून कुपनावर होतं.
भावाची थेल्मा माझ्याकडेच वाढत होती.
शाळेचा फोटो निघायचा होता
आणि वेणीला बांधायला घरात काही नव्हतं.
म्हणजे, होतं.

संध्याकाळी आली ती केस मोकळे सोडून.
फीत कुठंय?
पडली असेल, म्हणाली. बिटात.
मी कंदील घेऊन गेले.
जुनी धावपट्टी जिथं संपायची
तिथून सरी धरून वाकून चालत राहिले, अंधार पडेपर्यंत,
पडल्यावरही.
कुंपणापलीकडून टर्नबुल ओरडला,
एवढं काय सोनं पडलंय, बाई?

मी म्हटलं,
काही नाही.
यादीत लिहायची राहिलीय.