सहा वॅट

उदगीरच्या भंगारातून
मुस्तकीमनं किलोवर तोलून दिला हा डबा,
पाठीवर अजून कुठल्याशा बँकेचं स्टिकर.
पंखा घरघरायचा. काढूनच टाकला.
अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घासून
शहाबादी फरशीला टेकवली,
म्हटलं, घे, हो गार.

तीनदा चुकलो.
चौथ्यांदा त्याला कळलं
कोणती तार घराची, कोणती जगाची.

मीटर सांगतो सहा वॅट,
देव्हाऱ्यातल्या झिरो बल्बहून कमी.

दुपारी लाईट गेली.
कूलर थांबला, फ्रिज कण्हून निजला.
हा बॅटरीवर चालूच;
आधीपासूनच गप्प, म्हणून कुणाला पत्ता नाही.

आत शिवलीला कुणाशी तरी बोलत होती,
हळू, मध्ये न तुटता.
आता सगळंच ऐकू येत होतं.

चप्पल घातली
अन् ओट्यावर जाऊन बसलो, उन्हात.