आवर्तन

जेवण झालं की खारी भिंतीकडे जायची
आणि कपाळ टेकवून उभी राहायची,
वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखी.
मग फेऱ्या. टेबलाभोवती, माझ्या खुर्चीभोवती,
फरशीवर नखांची टकटक, कायम डाव्या अंगाने.
वडगावच्या आमच्या सोसायटीत निदानं पुष्कळ.
पानसेवहिनी म्हणाल्या, दृष्ट काढा.
वॉचमन म्हणाला, जंत.
मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, वय झालं असेल तिचं.
नऊ महिन्यांची होती.

कोथरूडला डॉक्टर रेवणकरबाईंनी सोनोग्राफी केली,
चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढलं.
आतड्यातलं रक्त आधी यकृतात जायला हवं,
तिथे गाळून, निवडून, मग पुढे.
हिच्यात जन्मापासून एक जास्तीची शीर आहे.
बायपास समजा, त्या म्हणाल्या, कात्रजवरून जातो तसा,
गाव टाळून थेट.
न गाळलेलं रक्त मेंदूत चढतं. म्हणून भिंत.

मी म्हटलं, बाई, बायपास राहू द्या.
खडकवासल्याच्या कालव्यावर एकतीस वर्षं काढलीत मी.
रात्रीतून कुणीतरी भराव फोडतं, पाणी वळवतं
आणि शेवटच्या टोकाचं शिवार कोरडं राहतं,
तसं ना?
त्यांचं पेन थांबलं.
तसंच, म्हणाल्या. यकृत वाढलंच नाहीये.

मग बांधून टाका ती शीर, मी म्हटलं,
आणि म्हणता म्हणता माझी जीभ अडखळली.
वाळलेल्या चारीत एकदम पाणी सोडलं की काय होतं
ते इंदापूरकडे या डोळ्यांनी पाहिलंय:
काठ भिजायच्या आधीच फुटतात.

त्यांनी एक कडी दाखवली, करंगळीच्या नखावर मावेल एवढी.
बाहेरून धातू, आतून दुधातलं प्रथिन, वाळवून घट्ट केलेलं.
ती शिरेवर चढवायची आणि पोट शिवून टाकायचं.
आतली ओल पिऊन कडी आत फुगत जाते,
चार-पाच आठवडे, रोज केसभर,
आणि शीर मिटते. हँडल फिरवायला माणूस लागत नाही.
एवढं सबुरीने बंद होणारं दार
आमच्या अख्ख्या खात्याला जमलं नव्हतं.

पतसंस्थेतली पावती मोडली.
क्लार्कने कारण विचारलं. काळीज, मी म्हणालो.
त्याला वाटलं, माझं.
उठून उभा राहिला, पाणी आणलं.
मी दुरुस्ती केली नाही.
हा शब्द वर छातीकडे कधी सरकला कोण जाणे.
इनामदार मटणवाला अजून
बरगड्यांखालचंच काढून देतो.

अडीच तास बाकावर. शेजारी
टोपलीत कासव घेतलेली एक मुलगी.
तिने विचारलं, तुमचं काय?
मला पटकन सांगता येईना.

तीन दिवस झटका आला नाही तर जिंकलो, बाई म्हणाल्या.
मग मी कालव्यावर गेज वाचायचो तसं
दर दोन तासांनी वहीत लिहीत गेलो.
पहाटे चार: पाणी घेतलं.
सहा: शेपटी, थोडी.
आठ: शी, पातळ. माझ्याकडे बघितलं.
दहा: मीच झोपलो, नोंद नाही.

आज सेहेचाळिसावा दिवस.
शीर मिटली असेल, नसेल. रक्ततपासणी पुढच्या महिन्यात.
भिंतीवर तिच्या कपाळाच्या उंचीला तेलकट गोल आहे,
रंगारी विचारून गेला, मी म्हटलं, बघू.

काल रात्री नखं वाजली.
अंधारात मी मोजायला लागलो, सवयीने, एक…
फेरी झालीच नाही.
टकटक सरळ स्वयंपाकघरात गेली,
जरा थांबली,
मग डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत राहिलं.
बेकरीतून आणलेली खारी होती त्यात, पाव किलो.
मी उठलो नाही.