चार पंखे

देवाने मला फार लांब पाठवलं नव्हतं.
ऐरोलीहून कोपरी.
मधे खाडी, आणि विटाव्याला रुळांखालचा तो सखल रस्ता,
पाणी साचतं तिथं, एवढीच काय ती अडचण.
रिक्षाने पाऊण तास.
काम इतकंच: शांतवनदादाच्या दारात उभं राहायचं
आणि म्हणायचं, नगरच्या खोलीचे बासष्ट हजार
मी एकट्याने ठेवले.
कागदावरची तुझी सही मी केली.

हे मला सांगितलं कोणी, असं विचाराल.
कोणी नाही. ढगबिग फाटला नाही.
रबाळ्याच्या कंपनीत, तिसऱ्या पाळीला,
व्हॉल्व्ह आवळता आवळता नुसतं कळलं,
जसं बाहेर पडल्यावर कळतं
की घरी गॅस चालू राहिलाय.

त्याच वर्षी मी खारघरला फ्लॅट घेतला.
हवा चांगली, असं सगळ्यांना सांगितलं.
मग उलवे. तिथली हवा तर आणखीच चांगली,
पाणी तेवढं टँकरचं.
एस्तेर काही बोलली नाही. सामान बांधलं.
ऐरोलीची तिची बालवाडी सुटली,
नाकं पुसून वाढवलेली चाळीस पोरं सुटली.
पळालो मी.
दम तिला लागला.

उलव्याच्या मंडळीत मी खजिनदार झालो.
दशांश कधी चुकवला नाही.
एका नाताळला चार पंखे दिले,
प्रत्येक पात्यावर लाल अक्षरांत
'श्री. अनुग्रह सा. वाघचौरे यांजकडून सप्रेम'.
पाळक उपदेश करायचे आणि माझं नाव
माझ्याच डोक्यावर गरगर फिरायचं.
वेगात असलं की वाचता येत नसे.
वीज गेली की पाती मंद होत,
अक्षरं एकेक करून लागायला लागत.
उपासनेत वीज जाऊ नये
म्हणून डोळे मिटून प्रार्थना करणारा
त्या मंडळीत मी एकटाच असेन.

प्रभुभोजनाचा प्याला आला की मी पुढे द्यायचो.
आधी म्हणायचो, घसा.
मग म्हणायचो, साखर. ती पुढे खरीच निघाली.

लेकीच्या लग्नाची पत्रिका छापताना
प्रेसवाल्याने विचारलं, काकांच्या जागी कोण?
मी म्हटलं, तिथं वेल काढ. फुलांची.

यंदा पंखे पुसायला उतरवले.
झाडलोट करणारा येशुदास म्हणाला,
अक्षरं उडालीत, अण्णा, नव्याने रंगवून आणू?
मी म्हटलं, नको.
आणि त्या 'नको'च्या जोरावर निघालो,
दोन बस बदलल्या, कोपरीला उतरलो.
तीन मजले, लिफ्ट नाही.

दार दादानेच उघडलं, डाव्या हाताने.
उजवा आता चालत नाही त्याचा. मला माहीत नव्हतं.
पाठ केलेलं सगळं मी उंबऱ्याबाहेरच म्हटलं.
त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला,
ठाऊक होतं रे. सही पाहिली होती मी.
'शां'वरचा अनुस्वार विसरलास तू.

आत भिंतीवर वहिनीचा फोटो, त्याला हार.
पाच वर्षं झाली, म्हणाला.
नाताळला तुझं ताट वाढून ठेवायची,
कितीतरी वर्षं.
शेवटी मीच म्हटलं, बंद कर, अन्न वाया जातं.
आमोसने डिप्लोमा अर्धा टाकला, तेही त्याने सांगितलं,
माझ्याकडे न बघता,
कोणाच्या तरी दुसऱ्याच घरची गोष्ट सांगावी तसं.

मी पाकीट काढलं. बासष्ट हजार, व्याज धरून.
त्याने ते टेबलावर ठेवलं, वर औषधाची बाटली ठेवली,
उडू नये म्हणून.

माफ केलं, असं काही तो म्हणाला नाही.
म्हणाला, घामाघूम झालास. पंखा लावू?
जुना पंखा कुरकुरत सुरू झाला.
आणि मी, सवयीने, मान वर करून
पात्यांवर काही लिहिलंय का ते पाहिलं.