एप्रिलमध्ये किती

पहिली घोडी मी फोटोतच विकत घेतली होती.
काळीभोर, मागे पवनचक्की.
सत्तर हजार आगाऊ पाठवले आणि आठवड्याने
घोडी नाही, पवनचक्कीही नाही.
भावाने विचारलं, घोडं कुठे पेंड खातंय?
म्हटलं, माझ्याच पैशाची, कुठेतरी, खुशाल.

मग बशीरचाचा. भवानी पेठेत पत्र्याखाली भट्टी,
रेसकोर्सच्या घोड्यांना तीस वर्षं नाल ठोकलेले हात.
त्याला मोबाइलवर दुसरी दाखवली: फ्रीजियन, हॉलंडची.
तो भोवरे शोधायला लागला.
देवमण कुठंय, गोम तर नाही ना,
काळ्या बोटांनी पडदा ताणत राहिला.
"एवढ्या केसांत देव बसला तरी दिसायचा नाही.
आणि पायांना ही झुंबरं कशाला?"
म्हटलं, जातच तशी.
"आपल्या भीमथडीला सांग. हसून लोळेल."

लोक बाणेरला फ्लॅट घेतात, मी विकला.
दीड वर्ष कागदी घोडे नाचवले.
दिल्लीचा परवाना, रक्ताचे नमुने,
विलगीकरण तिथे, विलगीकरण इथे,
खुराचे एक्स-रे, जे डॉक्टर रास्त्यांनी
खिडकीच्या काचेला लावून बघितले
आणि मांजर बघावं तसं माझ्याकडे बघितलं.
सहारचा परेरा, क्लिअरिंगवाला, दर गुरुवारी म्हणायचा,
मॅडम, घोडामैदान जवळच आहे.
माझा पासपोर्ट नूतनीकरणात अडकलेला.
तिचा तयार होता.

ऑक्टोबरात गेले.
गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही.
म्हातारा सित्से, घोडी निन्के.
मी आधी तिचा ओठ वर केला.
मी कवळ्या बनवते, कोथरूडला, बावीस वर्षं.
रंग, चाल, वंशावळ यात मला कुणीही फसवावं,
दातांत नाही.
कागदावर सात, जबड्यातही सात.

सित्सेने चहा ओतला. एक बिस्किट दिलं
आणि डबा बंद केला.
मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.
मग म्हणाला, तुमच्याकडे एप्रिलमध्ये किती?
मला वाटलं, पैसे. हप्ता सांगितला.
त्याने मान हलवली, भिंतीवरचं थर्मामीटर दाखवलं.
ते चाळिसाला संपत होतं.
मी बोट ठेवलं
त्याच्या वर, नुसत्या भिंतीवर.

तो त्या बोटाकडे बघत राहिला.
मी पंखे सांगितले. पहाटेचंच फिरवणं सांगितलं.
वाळ्याचे पडदे सांगितले, तर मोबाइलने
त्याच्या भाषेत काय केलं कोण जाणे,
बायको आतून हसायला लागली.
तो हसला नाही. उठला, बाहेर गेला.
वाटलं, संपलं. विमानाचं परतीचं तिकीट
पर्समध्ये उगाच चाचपलं.

आला तो कात्री घेऊन.
ज्या केसांवर तिला गुण मिळाले होते,
ज्यांना तो दर रविवारी धूत असे,
ते त्याने स्वतः, गुडघ्यांवर बसून, भादरले.
चारही पाय.
सही त्याने नंतर केली. सही काय, कागदावरची.

जानेवारीत, रात्री अडीचला, घाट चढून ट्रक मांजरीत आला.
फळी पडली. ती उतरली, घसरली नाही,
आणि शेजारच्या वस्तीतली कुत्री एकाएकी गप्प.
बशीरचाचा बॅटरी घेऊन वाकला.
"झुंबरं कुठे गेली?"
मी म्हटलं, हॉलंडात ठेवली.
त्याने सुतळीने खूर मोजला, पुन्हा मोजला.
"एवढा नाल माझ्याकडे नाही. भट्टी पेटवावी लागेल."
मग न राहवून आयाळ उचलली, मानेखाली हात घातला,
बराच वेळ घातला.
काय सापडलं ते सांगितलं नाही.
मजुरी मात्र घेतली नाही.

काल एकेचाळीस होतं.
दुपारी सित्सेचा निरोप आला, एकच शब्द: किती?
मी आकडा पाठवला.
मग पुढचा, तोही एकच: ती?
मी तबेल्यात जाऊन फोटो काढला.
दोन पंख्यांच्या मधोमध उभी,
अंग ओलं, कान मागे,
आणि अडीच हजारांचा वाळ्याचा पडदा
खालच्या टोकापासून
चवीने खातेय.