तुटक रेघ

मारयुन काळ्या पडद्यावर गाव लिहिते.
आधी नाव, मग आडवी रेघ, रेघेला टोक,
पुढे मुलाचं नाव, शेवटी अर्धविराम.
हानुस, त्याची बिला, बिलाचे सहा,
त्यातले दोन समुद्राने ठेवून घेतले.
नाताळपर्यंत चारशे बारा ओळी.

कोण कुठे उभं राहील ते इथे सांगायचं नसतं,
फक्त कोण कुणाचं, एवढंच.
बाकी यंत्र बघतं, कुणाला वर, कुणाला कडेला,
रेघा एकमेकींना कमीत कमी कापतील अशा बेताने.
गावाच्या बैठकीत हे कधी कुणाला जमलं नव्हतं.

हुकूम टाइप करून ती एंटर दाबते.
बाहेर वारा छपरावरचं गवत उलटं विंचरतो,
फटींच्या खोपीत मेंढीची मांडी वाळते,
आणि कॉफी ढवळून होण्याआधी
सगळं गाव लंबगोलांत येऊन बसतं.

उजव्या कोपऱ्यात मात्र एक बेट सुटलेलं.
थॉमस, त्याची बायको, तीन मुली.
वर आई नाही, बाप नाही.
पार डावीकडे टुमास. वर बिला आणि हानुस,
खाली काहीच नाही.

दोन रात्री ती निसटलेली रेघ शोधते.
चर्चची वही, ग्रिम्सबीच्या बोटींची खलाशीयादी.
जन्मतारीख एकच. दोन्ही फोटोंत
डाव्या भुवईवर तोच व्रण.
यंत्राला त्याचं काय!
अक्षर बदललं की माणूस दुसरा.
कदाचित त्यालाही तेच हवं होतं.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात.
या बेटावर नदी नाही, नुसते ओहोळ,
ऋषी तर नाहीच.
आहे ती टुमासची बहीण सुनलाइफ, एक्याण्णव वर्षांची,
जिने बुडालेल्या भावासाठी
साठ हिवाळे खिडकीत दिवा लावला.

एक शब्द बदलायचा, की दोघांचा एक होईल.
मारयुनचं बोट तिथवर जातं, परत येतं.
मग ती नवी ओळ लिहिते:
टुमास, थॉमस, मध्ये रेघ,
टोक नको, तुटक.
पुन्हा एंटर.
सगळं गाव जरा जरा सरकतं, जागा करतं.

कागद सुनलाइफच्या मांडीवर.
ती चष्मा पुसते, बोट फिरवत फिरवत थांबते.
ही अशी का गं? शाई संपली?
संपत आली होती, मारयुन म्हणते.

म्हातारी पेन्सिल मागते.
मधल्या मोकळ्या जागा भरू लागते, एकेक.
तीन भरते.
उरलेल्या तशाच ठेवून
पेन्सिल परत देते.