गडू

सियागंजातून थिनर आणलं. घरभर वास, बाकी काही नाही.
दिगूमामाचा रंग तो. असा थोडाच सुटतोय.
रामबागेपासून छावणीपर्यंतच्या पाट्या
त्यानं या गडूत ब्रश बुचकळून रंगवल्या:
लाल कटपीस सेंटर, निळा दातांचा दवाखाना,
आणि एक पिवळी पानपट्टी, जिचे पैसे कधीच आले नाहीत.
मग फ्लेक्स आले.
गडू माळ्यावर गेला, पोटात ब्रश तसाच रुतलेला.

‘चाकू मत लगाना, बाई,’ बर्तन बाजारातला कसेरा म्हणाला,
‘पीतल भूलता नहीं.’
म्हणून स्टीलचं बाद पातेलं, मूठभर धुण्याचा सोडा,
खिडक्या उघड्या, आच मंद.
तासभर काहीच नाही. मी तूरडाळ निवडून घेतली.
मग काठाशी एक सुरकुती पडली
आणि दुधावरची साय निघावी तसा
निघाला पांढरा,
पांढऱ्याखालून निळा, त्याच्याखालून लाल,
एकेक दुकान उलथन्यावर लोंबत.

राहिलेल्यावर चिंचेचा कोळ, मीठ, जुना टूथब्रश.
गळ्याखाली ठिपके लागले हाताला. ठोक्याची अक्षरं.
आईचं नाव असणार, म्हटलं.
सौ. द्वा
पुन्हा घासलं.
सौ. द्वारका य. मोघे. ता. १४-५-६१.

श्रीधरच्या मुंजीला शेजारून भांडी आणली होती.
परत करताना मोजली, तर एक गडू कमी.
आई तुळशीला हात लावून म्हणाली, आमच्याकडे नाही.
मोघेकाकू म्हणाल्या, बरं.
त्या ‘बरं’नंतर
विरजण बंद, हळदीकुंकू बंद, गच्चीवरची वाळवणंसुद्धा
एकमेकींकडे पाठ करून.
मामा तेव्हा अंगणात बसून
किराण्याच्या पाटीवर ‘सही तौल’ रंगवत होता.
मान वर केली नाही त्यानं.
माहीत नव्हतं त्याला, का होतं,
आता कोणाला विचारू?

काकू विजयनगरला असतात, सुनेकडे. नव्वदीच्या पुढे.
नंबर आहे माझ्याकडे.
पण एवढा लख्ख नेऊन ठेवला
तर म्हणतील, नवा कशाला आणलास गं?
आणि मला सगळं सांगावं लागेल, तुळशीसकट.

गडूच्या पोटात माझा चेहरा रुंद दिसतो,
थेट आईचा, ओठ मिटलेले.

तळाच्या खाचेत अजून थोडा निळा आहे.
तो निघू दे.
मग करते फोन.